नाकातला दोरा

आमचे हे तीस वर्षं नळांना मुलामा द्यायचे. क्रोमच्या हौदात नळ बुडवायचे, पिवळसर वाफेत वाकून बघायचे आणि असा लखलखीत नळ बाहेर काढायचे की त्यात बघून भांग पाडावा. मालकाने हौदावर वाफ ओढणारा पंखा म्हणून कधी बसवला नाही. म्हणे, वाऱ्याने मुलामा बिघडतो! मेल्याची स्वतःची केबिन मात्र कायम गारेगार.

पहिल्याच वर्षी ह्यांचा घोळणा फुटायला लागला. उशीच्या अभ्र्यावर रोज रक्त. एका संध्याकाळी डबा खाली ठेवत म्हणाले, "सोडतो मी हे काम. दुसरं काहीतरी बघतो."

आणि मी शहाणीने काय केलं? मुकादमाच्या बायकोला विचारलं. ती हसलीच. "अगं, सगळ्यांचंच होतं. आत भोक पडलं की रक्त थांबतं. मग माणूस पक्का झाला म्हणायचा."

मी घरी येऊन ह्यांना म्हटलं, "धीर धरा थोडा. एवढ्यातेवढ्याने हातचं काम कोणी सोडतं का?"

दोन वर्षांनी खरंच रक्त थांबलं. दोन नाकपुड्यांच्या मधल्या पडद्याला आरपार भोक. "झालास रे पक्का!" म्हणून मुकादमाने सगळ्यांना चहा पाजला. घरी येऊन ह्यांनी माझ्या शिवणाच्या डब्यातला दोरा घेतला, एका नाकपुडीतून घातला, दुसरीतून काढला आणि दोन्ही टोकं धरून इकडून तिकडे ओढला. लेक हसून हसून लोळली. मीही हसले. हसले हो मी! पुढे पाहुणे आले की मीच म्हणायची, "अहो, दोरा दाखवा ना."

मग खोकला लागला, तो जाईचना. डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो बघितला, नाकात बॅटरी मारली. "हे भोक कधीचं?"

"फार जुनं. पण ते बरं झालंय," मी म्हटलं.

"बाई, ते बरं होणं नव्हतं. तेव्हाच काम सोडायला हवं होतं. तीच वाफ फुप्फुसात गेलीय. कॅन्सर आहे."

घरी मी कपाळ बडवून घेतलं. "तुम्ही सोडत होतात. मीच आडवी आले."

"पुरे गं. तुला काय स्वप्न पडलं होतं?" एवढं बोलायलाही त्यांना तीनदा थांबावं लागलं.

शेवटच्या दिवशी नाकाला ऑक्सिजनची नळी होती. दुपारी मी उशाशी बसून त्यांच्या सदऱ्याला बटण लावत होते. त्यांनी दोऱ्याकडे बोट दाखवलं आणि हळूच डोळा मारला. मला हसवायचं होतं त्यांना. मी मात्र खेकसले, "गप्प पडा!" आणि रीळ डब्यात टाकून झाकण लावलं. ते भिंतीकडे तोंड करून निजले. दिवेलागणीला गेले.

गप्प पडा. हे माझं त्यांच्याशी शेवटचं बोलणं.

लेक म्हणते, आई, किती मनाला लावून घेशील? सदरा तसाच खुंटीला आहे. बटण अर्धं लावलेलं, सुई दोऱ्यासकट त्यातच. तो दोरा मला ओढून काढवत नाही.