आईचे कान वाजू लागले तेव्हा
परवा एक गोळी गिळता गिळता जिभेवरच विरघळली आणि त्या कडू चवीबरोबर निजामाच्या अखेरच्या वर्षांतलं आमचं किनवट आठवलं. वडील जंगलखात्यात मुन्शी होते. घरामागे सागाची दाट झाडी होती आणि पावसाळा सरला की घरोघरी हिवताप यायचा. त्या वर्षी तो आईला आला, तेव्हा पाळण्यात दोन महिन्यांचा भाऊ होता. दवाखान्यातल्या कंपाउंडरनं कोयनेलच्या, म्हणजे क्विनीनच्या, कडू गोळ्या दिल्या. मी त्या गुळात घालून आईला रोज तीनदा द्यायचे. चौथ्या दिवशी भर दुपारी ती म्हणाली, “रातकिडे लई ओरडून राहिले गं.” बाहेर तर सगळं शांत होतं. वडील घाईनं दवाखान्यात जाऊन विचारून आले. “कान वाजले म्हणजे दवा लागू पडली म्हणं. खंड पडू देऊ नका म्हणले.” आम्हाला केवढा आनंद झाला! मी रोज विचारायचे, “आई, वाजतात का?” ती हो म्हणाली की मी हौसेनं पुढची गोळी द्यायचे. ताप उतरला. मग एका सकाळी भाऊ रडून रडून लाल झाला होता, आणि आई त्याच्याकडे पाठ करून शांतपणे ज्वारी निवडत होती. मी खांद्याला हात लावला तेव्हा ती दचकली. तिला पुन्हा कधी ऐकू आलं नाही; कानातला आवाज तेवढा शेवटपर्यंत राहिला. पुष्कळ वर्षांनी एका डॉक्टरांनी मला सांगितलं, कान वाजू लागले तेव्हाच गोळ्या थांबवायला हव्या होत्या. आई शेजारीच बसली होती. “काय म्हणले गं?” तिनं विचारलं. मी हातानंच काही नाही असं सांगितलं. आता ती नाही, आणि तेव्हा खरं सांगायला हवं होतं का, हे मला अजून कळलेलं नाही.