तोंड हुंगणारे तांडेल

१९६१ साल. मी एकतीस वर्षांचा होतो आणि हुसेन तांडेल रोज सकाळी माझं तोंड हुंगायचे.

खरंच सांगतो. आखातातल्या फहाहील गावी आमच्या खोलीच्या दारात उभे राहायचे. साठीचा, सुकवलेल्या सुरमईसारखा माणूस. "आ कर." मी आ करायचो. हुंगून म्हणायचे, "वारा साफ हाय. चल." मग पोलीसचौकी. मला सही येत होती, पण चौकीवाल्यांना अंगठाच लागायचा.

झालं असं की मी मीना अल-अहमदीच्या तेलबंदरात ट्रक हाकायचो. एकदा पिऊन हाकला आणि फिंतासला एका घराची भिंत पाडली. आत कुणी नव्हतं, त्यात माझं शहाणपण काही नाही. निकाल लागला. सहा महिने स्टिअरिंग बंद, दारू बंद, रोज चौकीत हजेरी. एक दिवस चुकलो तर मी परत मायदेशी आणि माझा जामीन कोठडीत. बरोबर पिणारे दोस्त गुल झाले. जामीन राहायला पुढे आले तांडेल. रत्नागिरीकडचे मुसलमान, सारा जन्म गलबतावर गेलेला. ओळख काय, तर आमची गावं एकाच खाडीवरची.

"तुमचं काय अडलं होतं?" मी विचारलं.

"कागद तुजा, जबान माजी."

हुंगण्याचा मला राग यायचा. "मी काय पोर आहे, तांडेल?"

"पोराला मी जामीन ऱ्हात नाय."

पहिला शुक्रवार आला. शुक्रवारी सारं बंद, म्हणजे हजेरीही बंद, असं मी ठरवून टाकलं. कागद अरबीत होता. विचारायचं म्हणजे आपल्याला येत नाही हे कबूल करायचं. ते मला जमत नाही. उजाडायच्या आत गळ घेऊन फिंतासच्या किनाऱ्याला गेलो.

उन्हं कलताना परतलो, तर खोलीतले ओरडले, "अरे, तांडेल सकाळपासून चौकीत बसलेत!"

मासळीसकट धावलो. बाकावर बसले होते, सुकाण धरल्यासारखे ताठ. हवालदाराला सकाळीच सांगितलं होतं, "मानूस येनार. येईपावेतो मला धरा." जमिनीवर असताना त्यांची जुम्म्याची नमाज कधी चुकली नव्हती. ती त्या दिवशी चुकली. दिवस मावळायचा होता, म्हणून हवालदाराने माझा अंगठा घेतला.

मी कुणापुढे वाकणारा नव्हे, देवापुढेही जेमतेम. त्या बाकापुढे मात्र मान खाली घालून उभा राहिलो. वाटलं, आता शिव्या देतील.

त्यांनी माझ्या हातात पाहिलं. "काय गावला?"

"शेंगाळी. दोन."

"दिसभर बसून दोन? गळ टाकायला पन मीच शिकवू?"

आणि चालू लागले.

दुसऱ्या दिवशी बांग व्हायच्या आधी उठलो. त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो. तांडेल बाहेर आले. ते काही बोलायच्या आत मीच आ केला.