बांबूवरचं वजन

भुताखेतांच्या गोष्टी आमच्या घरात सगळ्यात रंगवून मीच सांगतो, आणि त्यातल्या एकीवरही माझा विश्वास नाही. त्यामुळे हे लिहिताना मला माझाच संशय येतोय... तरी सांगतो.

माझं काम मशीन शिफ्टिंगचं. कारखान्यातली जड धुडं उचलायची, हलवायची. मागच्या वर्षी डाव्या खांद्याखाली पेसमेकर बसला. बायको, सुलभा, म्हणाली की आता तुम्हाला फक्त चार्जिंगला लावायचं बाकी आहे. काही महिन्यांनी डॉक्टरांनी तपासून परवानगी दिली — वेल्डिंगपासून लांब राहा, वजन हळूहळू वाढवा. पण आमचा मुकादम परब, त्याला भरवसा नव्हता.

"एक खेप माझ्यासमोर कर. जमली तर कामावर, नाहीतर गेटवर खुर्ची टाकतो."

गेटवरची खुर्ची म्हणजे आमच्यात जिवंतपणी फोटोला हार.

मरोळच्या एका बंद युनिटमधून गिअरबॉक्स काढायचा होता. भर सकाळ, लख्ख ऊन. बोळ इतका अरुंद की ट्रॉली जाईना. मग जुनी पद्धत — बांबूच्या मधोमध दोरीने वजन टांगायचं, एक गडी पुढे, एक मागे. पुढे मी, बांबू उजव्या खांद्यावर. मागे माझा जुना जोडीदार बाबल्या.

आता आमच्या धंद्यातली एक लबाडी सांगतो. पुढचा गडी आजारातून उठलेला असला की मागचा गुपचूप दोरी स्वतःकडे ओढून घेतो. भार त्याच्यावर येतो, पुढच्याची अब्रू राहते. आदल्या संध्याकाळी सुलभाने बाबल्याला चहाला बोलावलं होतं... म्हणून मी दोरीच्या दोन्ही बाजूंना बांबूवर खडूने खुणा केल्या.

उचललं. खांद्यावर नुसता बांबू! वजनच नाही. मनातल्या मनात बाबल्याचा उद्धार करत चालत राहिलो. बोळ संपता संपता मागून तोच करवादला, "मेल्या, सगळा वजन तूच घेतलंस? मरतलंस ना!"

खाली ठेवलं. दोरी खुणांच्या बरोबर मध्ये. गिअरबॉक्स पोकळ असेल म्हणून आम्ही दोघांनी हाताने ढकलून पाहिला — तसूभर हलेना. बाबल्या माझ्याकडे संशयाने बघतोय, मी त्याच्याकडे.

परब मात्र खूश. "झकास. उद्यापासून ये."

म्हणजे परीक्षा पास, पण पेपर कोणी लिहिला तेच कळेना. गप्प बसलो असतो तर काम पक्कं होतं. पण उद्या एखाद्या जिन्यात माझा खांदा खरंच कमी पडला, तर खालच्या पायरीवर बाबल्या असणार.

परबला म्हटलं, "टेम्पोपर्यंत अजून एकदा बघ."

याचं डोकं फिरलंय, असं त्याने बाबल्याला सांगितलं. पण थांबला.

या वेळी माझ्या वाट्याचं सगळं वजन आलं. खांदा चेचला, डोळ्यांत घाम उतरला. टेम्पोपर्यंत नेलं. परबने टेम्पोचा मागचा फाळका लावून घेतला.

पेसमेकर पुन्हा तपासून घेतला, तो ठणठणीत. चहाला बोलावलं ते माझ्या गोळ्यांच्या वेळा सांगायला, असं सुलभा म्हणते. बाबल्या पोरांची शपथ घेतो. माझा त्याच्यावर विश्वास नाही, त्याचा माझ्यावर नाही, आणि जोडी अजून तीच आहे.

त्या बोळातून ते वजन कोणी नेलं, मला आजही माहीत नाही. ती खेप मी माझी धरत नाही. दुसरी धरतो.