भाईंचा आवाज

रेडिओवर बोलायला जायचं म्हणून मी रेशमी साडी नेसले, अबोलीची फाती माळली, मनगटभर बांगड्या भरल्या. हसा खुशाल. विशीतली होते, अक्कल अजून वाटेवर होती. स्टुडिओत भाई कपाळाला हात लावून म्हणाले, "बाये, ह्या माइकाला डोळे नाहीत गो. कान मात्र तिखट. काढ त्या बांगड्या!"

भाई आमचे मुळगावचे शेजारी. दिवसा खाणीच्या ऑफिसात कारकून, एरवी रेडिओचे नट आणि लेखक. चोपडे गावच्या होडीवाल्यावरची ती श्रुतिका त्यांचीच. म्हातारा होडीवाला ते, त्याची मुलगी मी. मला वाक्य एकच: "बाबा, पाणी चढलं." घरी सराव करताना ते बादलीत डाव फिरवून नदी करायचे आणि मला ओरडायचे, "पाणी चढलंय म्हणतेस की पाहुणे आलेत म्हणतेस?"

दिरानं मस्कतहून आणलेल्या टेपरेकॉर्डरवर आम्ही श्रुतिका भरून घेतली. पुढं ते एक वाक्य मला तोकडं वाटायला लागलं. मग शहाणीनं त्याच कॅसेटवर स्वतःची भजनं भरली. भाईंना सांगितलं, तर हसले. "वाऱ्यावरचं काम ते. वाऱ्यावर गेलं."

म्हातारपणी गळ्याचं ऑपरेशन होऊन भाईंचा आवाज गेला. त्यांच्या कॅसेटी कधीच बुरशीनं खाल्लेल्या. वहिनींची, म्हणजे त्यांच्या बायकोची, नजर साखरेनं गेलेली. त्या सारख्या विचारायच्या, "अहो, आसात मा?" भाई 'आहे' म्हणून टेबलावर टिचकी मारायचे. कधी मुद्दाम उशीर करायचे; मग वहिनींचा चेहरा पडला की घाईघाईनं वाजवत सुटायचे.

यंदा भाई गेले. भिंतीवर फोटो लागला. "तो माका कित्याक? माका दिसता खंय?" म्हणत वहिनी सुनेचा हात धरून माझ्याकडे आल्या. "तुझ्याकडे त्यांची कॅसेट आसा."

"वहिनी, तिच्यावर मी माझी भजनं भरलीत."

"लाव तरी. मधी खंय तरी आसतले."

लावली. माझा तरणा आवाज ठेक्यात, स्वतःवर खूश होऊन गात सुटला. एक भजन संपून दुसरं सुरू होईपर्यंत फीत नुसती खरखरायची. तेवढ्यात वहिनी श्वास धरून कान पुढं न्यायच्या. शेवटी खट्ट करून कॅसेट थांबली.

दुसऱ्या बाजूलाही मीच होते. सांगायला तोंड उघडलं, तोच वहिनींनी माझं मनगट धरलं.

"दुसरी बाजू लाय गो बाये. थंय आसतले ते."