कुणालाही सुचलं असतं

निकाल राखून ठेवलाय, आणि माझ्या जिवाला थारा नाही. आज पुन्हा दूध उतू गेलं.

चाकणला आमची छोटी शेड आहे. तेलकट पत्रे एकमेकांना चिकटतात, प्रेसमध्ये दोन एकदम जातात आणि पत्र्याला आकार देणारी डाय तुटते. हे दुखणं त्या धंद्यात सगळ्यांचंच. ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, पत्र्याचा एक कोपरा आधी उचलणारं यंत्र केलं. वरचा पत्रा कडेने सुटतो, खालचा खालीच राहतो. चिकटलेले ओले पापड आम्ही बायका असेच सोडवतो, असं मी म्हटलं तर हे हसले होते. पेटंट मिळालं. मग एका मोठ्या कंपनीने तेच यंत्र बनवायला घेतलं आणि वर कोर्टात गेली, की यात शोध कसला, हे तर उघडच होतं. पेटंट गेलं तर शेडला कुलूप.

वकीलबाईंनी सांगितलं, कोर्ट एक कारागीर मनात धरतं. धंद्यातलं सगळं ठाऊक असलेला, पण स्वतःचं डोकं फारसं न चालवणारा. त्याला तेव्हा हे सहज सुचलं असतं का? उत्तर कळल्यावर सगळेच शहाणे, म्हणून आजच्या डोळ्यांनी बघायचं नाही.

इथवर ठीक होतं. पण समोरच्यांनी एक व्हिडिओ लावला. कारखानदारांच्या मेळाव्यातला सत्कार, खांद्यावर शाल, हातात नारळ, आणि आमचे हे माइकवर, "त्यात काय न्हाई वो. कुणालाबी सुचलं आसतं!"

कोर्टात हशा. मला तिथेच उठून ह्यांना गदागदा हलवावंसं वाटलं. आमच्या दिघीच्या घरात कुणी कौतुक केलं की मान खाली घालून असंच म्हणायचं, ही सासऱ्यांपासूनची रीत. कसला आलाय विनय! स्वतःच्या हाताने पायावर पाडून घेतलेला धोंडा.

न्यायाधीश मात्र हसले नाहीत. सत्कारात माणूस दुसरं काय बोलणार, म्हणाले. मग कंपनीच्या वकिलांना विचारलं, "डाय तुमच्याकडेही तुटत होत्या. तुम्हाला का नाही सुचलं?"

हायकोर्टातून परतताना देहूरोडला ह्यांनी मला विचारलं,

"अगं, खरंच कुणाला सुचलं नव्हतं?"

"नव्हतं."

"म्हंजी मलाच सुचलं व्हय?"

इतक्या वर्षांत स्वतःबद्दल असं पहिल्यांदाच बोलले. मला रडू आलं. आता निकाल काहीही लागो, असं लोक म्हणतात. मला नाही म्हणवत. तो आमच्याच बाजूने लागायला हवा.