पाणी धरलं का, मास्तर?

अय्यूबचा फोन आला की मी 'हॅलो' म्हणत नसे. 'धरलं रे, धरलं!' अशीच माझी सुरुवात असायची, कारण पलीकडून पहिला प्रश्न ठरलेला असे : 'पाणी धरलं का, मास्तर?' मग तो हसायचा, मी चिडल्याचं नाटक करायचो आणि त्यानंतर तब्येत, पोरं, बदल्या असल्या इतर गोष्टी निघायच्या. त्या सोमवारी सकाळी मी नागपूरच्या आमच्या कॉलेजात, माझ्या खोलीत बसलो होतो. समोर पहिल्या वर्षाच्या एका मुलाचे वडील होते. मुलाला कॉलेजच्या नाटकात घेतलंय, जाऊ द्यावं का, असं विचारत होते आणि गेली वीस वर्षं देतो तेच उत्तर मी देत होतो... 'हे बघा, आधी अभ्यास. बाकीच्या गोष्टींना आयुष्य पडलंय.' तेवढ्यात फोनवर अय्यूबचं नाव उमटलं. मी उचलून म्हणालो, 'धरलं रे, धरलं!' पलीकडे कुणी हसलं नाही. फोनवर त्याची मुलगी सना होती. 'काका, अब्बू गेले,' एवढंच म्हणाली. पहाटे नमाजाला उठला, छातीत दुखतंय म्हणाला आणि गाडी दारात येईपर्यंत सगळं संपलं होतं. मी त्या वडिलांना काय सांगून उठलो, ते आता आठवत नाही. चिमूरला पोचलो तेव्हा माती द्यायला लोक निघालेच होते.

अय्यूब चिमूरचा. वडिलांचं पत्र्याच्या पेट्या बनवायचं दुकान. मी चंद्रपूरच्या एका कारकुनाचा मुलगा. नव्वदच्या दशकात चंद्रपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात आम्ही दोघं मेकॅनिकलला एका बाकावर बसलो, ते केवळ हजेरीच्या क्रमामुळे. बाकी आमचं काहीच जुळत नव्हतं. मी पुस्तकातला किडा, पहिल्या तिघांतला. तो मला पहिल्याच आठवड्यात 'मास्तर' म्हणायला लागला आणि पुढे मी खरोखरच मास्तर झालो, तेव्हा त्याला कोण आनंद झाला. अभ्यास सोडून कॉलेजात जे जे असेल त्यात अय्यूब असायचाच. व्हॉलीबॉलला तो, भित्तिपत्रकाला तो, गॅदरिंगच्या नाटकात नऊवारी नेसून कजाग सासू तोच. त्या सासूला इतक्या शिट्ट्या पडल्या की पुढे महिनाभर त्याला कँटीनमध्ये चहा फुकट मिळाला. मला हे सगळं उनाडपणाचं वाटे. 'अरे, तुझी हजेरी किती झाली, माहीत आहे का?' असं मी त्याला विचारायचो आणि तो विचारायचा, 'काऊन, तू माहा बाप आहे का?' तिसऱ्या वर्षी कॉलेजचं श्रमशिबिर निघालं, तेव्हा तो माझ्या मागेच लागला. 'पुस्तकात पंप किती दिवस पाहशीन बे? चाल, खराखुरा दाखवतो.' मी गेलो, पण खरं सांगायचं तर प्रमाणपत्रासाठी गेलो. नोकरीच्या अर्जाला जोडता येतं, असं कुणीतरी सांगितलं होतं.

शिबिराचं गाव एटापल्लीच्या पुढे, बस वळते तिथून दोन तास चालत. त्या गावाचं नाव मी लिहीत नाही, त्या लोकांना आमच्यामुळे जे सोसावं लागलं त्याची मला अजून लाज वाटते. काम होतं रस्त्याचं. गावाबाहेरच्या वाटेवर मुरूम टाकायचा. ज्या अंगणात आमचा स्वयंपाक व्हायचा ते मैनीबाईचं. साठीची, काटक, मराठी तोडकंमोडकं. गावात हापशी एकच, आणि तीही म्हातारी. शंभरदा हापसावं तेव्हा कशीबशी एक बादली भरायची. मी दोन दिवस ते पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर जाहीर केलं की आतला वायसर झिजलाय, मेकॅनिकलची एवढी पोरं इथं आहेत, अर्ध्या दिवसाचं काम आहे. शिबिराबरोबर आलेले सर कां-कूं करत होते. पण ग्रामपंचायतीच्या पेटीत पाने आणि क्लॅम्प निघाले, नवे वायसरही निघाले, मग तेही तयार झाले.

काम दिसायला सोपं असतं. दहा-दहा फुटांचे पाइप एकमेकांना जोडून बोअरमध्ये सोडलेले असतात. अख्खी लांब माळ वर ओढायची, एक पाइप बाहेर आला की खालच्या पाइपांना तोंडाशी क्लॅम्पनं आवळून धरायचं, वरचा फिरवून सोडवायचा, मग पुन्हा ओढायचं. क्लॅम्प माझ्याकडे होता. त्याचे नट गच्च आवळायचे आणि दर वेळी पुन्हा सोडायचे, त्यात माझ्या तळहाताला फोड आले. तेव्हा मी वही काढली. पाइपांची लांबी, जाडी, लोखंडाची घनता... वजन काढलं आणि सिद्ध केलं की नट एवढे आवळायची गरजच नाही, निम्मे आवळले तरी पुरे. अय्यूबनं वहीत डोकावून पाहिलं. 'तू म्हणतो तं असन बा,' म्हणाला आणि पाना घेऊन वरच्या पाइपाला भिडला. त्यानं झटका दिला आणि क्लॅम्पमधून पाइप सटकला. कुणाला काही कळायच्या आत सगळी माळ सरसरत बोअरमध्ये गेली. खाली खोल कुठंतरी एक धप्प झालं... आणि मग काहीच नाही. मला त्याच क्षणी कळलं होतं. पाइप रिकामे नव्हते. ते पाण्यानं भरलेले होते. त्या पाण्याचं वजन मी धरलंच नव्हतं, आणि ओला पाइप निसरडा असतो, हेही धरलं नव्हतं. पाण्याचा पंप काढायला बसलो आणि हिशेबात पाणीच विसरलो.

मैनीबाई पुढे आली. बोअरच्या तोंडात वाकून तिनं बराच वेळ पाहिलं. 'पयले थोडं होतं,' ती म्हणाली. 'आता थे बी नाई.' रागावून नाही म्हणाली, नुसतं सांगितलं. सर धावत आले आणि त्यांनी विचारलं, 'क्लॅम्प कोणाकडे होता?' मी तोंड उघडलं होतं, हे मी शपथेवर सांगेन. पण शब्द बाहेर यायच्या आधी अय्यूब बोलून गेला, 'माह्याकडं होता, सर.' मी तोंड मिटलं. तेव्हा मिटलेलं ते तोंड पुढे किती वर्षं मिटलेलं राहिलं, ते सांगायलाच मी हा लेख लिहायला बसलोय.

दुसऱ्या दिवसापासून गावातल्या बाया नाल्याच्या वाळूत झरे उकरून पाणी आणू लागल्या. जायला-यायला अर्धी सकाळ. शिबिर संपलं, आम्हाला न्यायला ट्रॅक्टर आला. सगळे चढले आणि अय्यूब आपली पिशवी घेऊन खाली उतरला. मी म्हणालो, 'वेडा झालास का? पुढच्या आठवड्यात प्रॅक्टिकल आहे, तोंडी आहे.' तो म्हणाला, 'तोंडी का, पुढच्या साली बी होते. यायले पाणी पुढच्या साली नाई चालत.' मग माझा चेहरा पाहून त्यालाच दया आली असावी. 'जाय तू मास्तर. माहं सबमिशन लिहून ठेव.' आणि मी गेलो! चूक माझी, गावात राहिला तो, आणि मी हॉस्टेलवर बसून सुवाच्य अक्षरात त्याचं सबमिशन लिहीत होतो. ते सबमिशन मात्र उत्तम झालं होतं.

गावात तो मैनीबाईच्या पडवीत राहिला. सकाळी बायांबरोबर नाल्यावर जायचा, कावडीनं पाणी आणायचा आणि दिवसभर सळई वाकवून केलेला हूक बोअरमध्ये सोडून खाली पडलेला पाइप चाचपत बसायचा. हूक लागायचा आणि निसटायचा. आठवडा असा गेला. मग एके दिवशी नाल्यावर मैनीबाईनं मासे धरायचा बांबूचा सापळा उरल्यासुरल्या डबक्यातून वर काढला. त्याच्या तोंडाला आतल्या बाजूला झुकलेल्या काड्या असतात. मासा आत शिरताना काड्या वाकून वाट देतात आणि उलटा फिरला की अडवतात. अय्यूब सांगायचा, 'मी थो सापळा पायला अन् बाईले म्हटलं, मले हा पायजे.' तो सापळा खांद्यावर घेऊन, दाढी वाढलेला, तो कॉलेजच्या फाटकात उतरला, तेव्हा मी वर्कशॉपपाशी उभा होतो. तोंडी परीक्षा आदल्या दिवशीच झाली होती.

दोन दिवस आम्ही वर्कशॉपमध्ये होतो. रुंद पाइपाचा हातभर तुकडा घेतला आणि पोलादी पट्ट्या कापून त्या आतून, वरच्या बाजूला झुकत्या, रिबिटांनी ठोकल्या. रिबिट मारायला त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती, लहानपण पेट्यांच्या दुकानात गेलेलं. खाली पडलेल्या पाइपाच्या वरच्या टोकाला जोडाची जाड कड होती. आमचं नळकांडं त्या टोकावर उतरलं की पट्ट्या बाजूला सरणार, आणि वर ओढलं की त्या कडेखाली अडकणार. पहिल्या पट्ट्या मोडल्या. दुसऱ्या वाकल्या. त्या दोन दिवसांत मला जेवढं इंजिनिअरिंग कळलं, तेवढं चार वर्षांत कळलं नाही. गुणांसाठी नसलेली ती मी बनवलेली पहिली वस्तू.

गावाला परत आम्ही दोघंच गेलो. दोराला नळकांडं बांधलं, आणि सोडायच्या आधी अय्यूबनं माझ्याकडे पाहून पहिल्यांदा तो प्रश्न विचारला... 'पाणी धरलं का, मास्तर?' मी म्हटलं, 'धरलं.' दोनदा रिकामं वर आलं. तिसऱ्यांदा खाली टक् झालं, दोर ताठ झाला आणि गावातली दहा-बारा माणसं ओढायला लागली. या वेळी क्लॅम्प अय्यूबकडे होता. प्रत्येक नट तो आवळायचा आणि पुन्हा एकदा आवळायचा. दुपारी नवे वायसर बसवून हापशी जोडून झाली. मैनीबाईनं दांडा धरला, सहाव्या-सातव्या वेळेला पाणी आलं, बघता बघता बादली भरली. तिनं बादली बाजूला ठेवली, आधी आपला सापळा हातात घेऊन निरखला आणि अय्यूबवर कडाडली, 'काडी कुठी गेली?' माप घ्यायला त्यानं एक काडी उपसली होती, ती वर्कशॉपमध्येच राहिली होती. मग तिनं बांबू चिरून नवी काडी केली, आणि कान पकडून माफी मागणाऱ्या त्या लंबूटांग पोराकडे पाहून हसली.

अय्यूबचं ते वर्ष गेलं. वडील दोन महिने त्याच्याशी बोलले नाहीत. मी पहिल्या वर्गात पास होऊन पुण्याला नोकरीला लागलो. तो वर्षभरानं सुटला, गडचिरोलीकडे पाणीपुरवठ्यात लागला आणि तिथलाच झाला. ते नळकांडं बरीच वर्षं त्याच्या जीपमध्ये असे. त्यानं किती गावांच्या हापश्या जिवंत केल्या, ते त्यानं कधी सांगितलं नाही. मला मात्र फोन करायचा. मी लग्न ठरवलं, फ्लॅट घेतला, पुण्याची नोकरी सोडून शिकवायला लागलो... दर वेळी तोच प्रश्न. एकदा-दोनदा मी म्हणालो, 'अय्यूब, तो क्लॅम्प...' तर म्हणायचा, 'सोड ना बे.' आणि मी सोडत असे, सोयीचं होतं. मुलांना नाटकं, शिबिरं कशाला, असं मी इतकी वर्षं पालकांना सांगत आलो, तेही त्यामुळेच असेल. खरं उत्तर द्यायचं तर ही सगळी गोष्ट सांगावी लागली असती.

चाळिसाव्याला चिमूरला गेलो. पाहुणे पांगल्यावर अय्यूबची बायको, म्हणजे भाभी, सना आणि मी बसलो होतो. सना यंदाच इंजिनिअरिंगला लागली आहे. तिच्या कॉलेजचंही शिबिर निघतंय आणि नाव द्यायचा दुसरा दिवस शेवटचा होता. भाभी ठाम होत्या. 'नाई म्हंजे नाई. यायचं एक साल त्या शिबिरानंच खाल्लं. हात ढिला पडला, पाइप सुटला, नोकरीले उशीर, सगळ्यालेच उशीर. भाऊ, तुम्ही प्रोफेसर आहा. तुम्हीच सांगा हिले.' सना माझ्याकडे पाहत होती. माझं नेहमीचं उत्तर जिभेवर आलंही होतं. पण तिच्या डोक्यावरच्या फळीवर ते नळकांडं दिसत होतं, घासून-पुसून ठेवलेलं. मी विचारलं, 'अय्यूबनं तुम्हाला काय सांगितलं होतं?' भाभी म्हणाल्या, 'का सांगन? आमच्या हातून सुटला, एवढंच म्हनत.'

आमच्या! जवळपास तीस वर्षं त्यानं मला त्या एका शब्दात लपवून ठेवलं होतं. मग मी सगळं सांगितलं. वही, वजन, निम्मे आवळलेले नट, सरांचा प्रश्न, मिटलेलं तोंड. 'त्याचं साल शिबिरानं नाही खाल्लं, भाभी. मी खाल्लं. शिबिरातून त्याला जे मिळालं, त्यावर तो जन्मभर जगला.' भाभी उठून आत गेल्या. मला वाटलं, आता त्या बाहेर येणार नाहीत, आणि आल्या नाहीत तर त्यात त्यांचं काही चुकणार नव्हतं. पण त्या आल्या, हातात लोणच्याची काचेची बरणी होती. 'उघडून दाखवा,' म्हणाल्या. मी जोर लावला, झाकण जागचं हललं नाही.

'यायनंच लावलं होतं, जायच्या आदल्या दिवशी,' भाभी म्हणाल्या. 'घरातला नळ असो, ग्यास असो, यायनं आवळला का कोनाच्यानं सुटत नसे. किती भांडली मी यायच्यासंग! अन् इतके सालं मनात विचार करत होती, का ह्या मानसाच्या हातून नट ढिला राह्यलाच कसा...' त्यांनी पदरानं डोळे पुसले. मग सनाला म्हणाल्या, 'देऊन टाक नाव.'

बरणी आमच्या तिघांच्या मध्ये होती. झाकण गरम पाण्यात धरलं की पत्रा प्रसरण पावतो आणि सैल होतो, हे पहिल्या वर्षाच्या पोरीलाही ठाऊक असतं. सनाला ठाऊक होतं, मलाही होतं. पाणी तापवायला कुणी उठलं नाही.