जुम्याची रात

आमच्या शाळेत गणित शिकवणारी माझी मैत्रीण काशीदजवळ राहते. तिचा नवरा आखातात नोकरीला. मी राहते अलिबागला, पण मूळची सोलापूरकडची. डबा आम्ही रोज एकत्र खातो. तिच्या मुलीचं लग्न ठरलं, तेव्हा रजेवर जाताना ती म्हणाली, "ताई, जुम्याच्या रात्री मेंदी आहे. दिवस बुडाल्यावर मगरिबची नमाज झाली की सुरू. लवकर या."

जुम्मा म्हणजे शुक्रवार, एवढं मला माहीत होतं. गुरुवारी संध्याकाळी मी खिचडी खाऊन उपास सोडला, साडीला इस्त्री केली. शुक्रवारी दिवस मावळताना पुरणपोळ्यांचा डबा घेऊन तिच्या दारात उतरले. मांडव होता, पण आत कुणीच नव्हतं. मागच्या पडवीत बायका मोठी पातेली घासत होत्या.

मैत्रीण बाहेर आली. "काल कुठं होतात? फोनही लागेना तुमचा."

"काल? मेंदी आज ना, शुक्रवारी?"

मैत्रिणीच्या सासूबाई खाटेवरून म्हणाल्या, "अगो, बेस्तरवारी दिवस बुडला का जुम्मा लागतो. आमची रात आधी, दिवस मागून."

म्हणजे मी खिचडी खात होते, तेव्हा इकडे मेंदी चालली होती! माझ्या आईचा हिशेब वेगळाच. उजाडेपर्यंत वार बदलत नाही, असं ती म्हणते. पहाटे जन्मलेल्या माझ्या भावाचा वार ती अजून आदल्या दिवसाचाच सांगते. हे मी सासूबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "मंग तुमची चूक न्हाय."

तरी मला रडू फुटायच्या बेतात होतं. मैत्रिणीच्या या मुलीला मी पाचवीपासून शिकवलेलं. ती आतून आली, हात गडद रंगलेले. मेंदीचा उरलेला कोन घेऊन माझ्यासमोर बसली. "टीचर, हात पुढे करा." तळहातावर तिनं सावकाश वेल काढली. माझा हात अडकलेला, म्हणून मैत्रिणीनं मला चहा बशीतून पाजला.

मी निघताना मैत्रिणीनं बजावलं, "निकाह उद्या असरनंतर. म्हणजे शनिवारी, उन्हं असताना, साडेपाचला. कळलं?"

दुसऱ्या दिवशी मी इतकी लवकर पोचले, की खुर्च्यासुद्धा मांडून झाल्या नव्हत्या. मग पदर खोचला आणि सरबताचे पेले विसळायला बसले.